नववा रकाना

बोरी, ९ फेब्रुवारी २०२५

भक्ते,

तुझं रजिस्टर काल मिळालं. पोस्टमननं भर स्टँडवर ओरडून सांगितलं, "दैवशाले, पुण्याहून आलंय, सही कर!" म्हणजे अर्ध्या बोरीला कळलं की भागवत मालकाच्या पोरीनं येडबाच्या पोरीला काहीतरी धाडलंय. दीड वर्ष झालं तुझा नंबर ब्लॉक करून, तरी पोस्टातून घुसलीसच. मानलं बाई तुला.

लेख वाचला. इंग्रजी हाय म्हणून डिक्शनरी घेऊन पुन्हा वाचला. तुमचं पांढरीचं रान, जिथं जुनं गाव बसलेलं होतं म्हणतात, तिथं आपण दोघींनी एम.ए.ला असताना दोऱ्या ताणून एकशे वीस चौकोन आखले. एकेका चौकोनातल्या खापऱ्या वेचल्या, मोजल्या, किराणा दुकानातून मागून आणलेल्या काट्यावर तोलल्या, मातीच्या पुड्या बांधून तपासायला दिल्या. त्याच आकड्यांतून तू काढलंयस की जिथं खापऱ्या बारीक-बारीक फुटल्यात तिथंच मातीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, जास्त. म्हणून तिथं दोन हजार वर्षांमागं गुरं कोंडायची जागा असणार. खुरांनी खापऱ्या फुटल्या, शेणामुतानं स्फुरद वाढलं. सहसंबंध शून्य पूर्णांक अठ्ठ्याहत्तर. वर लाल चौकोनांचा नकाशा. देखणा हाय, खोटं कशाला बोलू.

आणि शेवटच्या पानावर आभार. तुझ्या वडिलांचे, कारण शेत त्यांचं. बन्सीधर सरांचे, कारण ते सर. मग माझं नाव. "खापऱ्या धुण्यासाठी मदत केल्याबद्दल."

चार हजार तीनशे बारा खापऱ्या होत्या, भक्ते. धुतल्या, हो, बोटांची सालटं निघेपर्यंत धुतल्या. पण मोजल्या कुणी? तोलल्या कुणी? काट्याच्या पारड्यात माती अडकून आकडा चुकायला लागला तेव्हा तीनशे खापऱ्या पुन्हा तोलल्या त्या कुणी? तू तेव्हा सावलीत बसून लॅपटॉपला चार्जिंग किती राहिलं ते बघत होतीस.

आता सांगूनच टाकते. जळते मी तुझ्यावर. तुझ्या इंग्रजीवर जळते, तुझ्या लॅपटॉपवर जळते, आणि सगळ्यात जास्त त्या एका जागेवर. पुण्याला आकडेवारी शिकायला आपल्या विभागातून एकच पोरगी जाणार होती. मार्क माझे दोनानं जास्त होते. सर म्हणाले, "तिच्याकडे लॅपटॉप आहे, तिला सोपं जाईल." ज्याचं जळतं त्यालाच कळतं बाई.

एकवीस एप्रिलला परिषद, तिथं हा लेख वाचायचा, आणि पसंत पडला तर दोन वर्षं परदेशात. तू लिहिलंयस की मूळ वह्या माझ्याकडंच हायत, तर एकदा कोष्टक तपासून द्यावं. तपासलं. बेरजा बरोबर हायत. दे धाडून.

सहज एक विचारते. नकाशात चौथ्या ओळीच्या लाल पट्ट्यात मधला एकच चौकोन पांढरा हाय. तिथं बाभळ हाय ना?

दैवशाला


बोरी, २ मार्च २०२५

भक्ते,

हो, बाभळच हाय, म्हणालीस. बरं झालं.

वर तू मला तुझ्या वर्गाच्या नोट्स धाडल्यास, व्हिडिओची यादी धाडलीस, आणि "काही अडलं तर विचार" असंही लिहिलंस. किती गं तुझं मोठं मन! वाचून अंगाची लाही लाही झाली. नोट्स परत धाडणार होते. मग म्हटलं, रागावायचं ते तिच्यावर, कागदांनी काय घोडं मारलंय?

मी सध्या स्टँडजवळच्या संगणक क्लासात टायपिंग शिकवते. पोरांची एक बॅच गेली आणि दुसरी यायची असली की मधल्या तासात तुझ्या नोट्स काढते. सरासरी कळली. सरासरी कशी फसवते तेही कळलं. आपल्या सत्तावन्न नंबरच्या चौकोनात रांजणाचा एक अख्खा काठ सापडला होता आठवतं? त्या एकट्या काठानं सगळ्या चौकोनाची सरासरी वर नेऊन ठेवली होती. आमच्या भावकीत एक जण फौजदार झाला तर सगळी भावकी सुधारली म्हणतात, तसलंच ते. मधली किंमत घ्यावी. तू घेतलीयस. हुशार हायसच तू, ते कुणी नाकारलंय?

मग सहसंबंधाचं पान आलं. सर वर्गात काय सांगायचे आठवतं का? रसवंत्या चालू झाल्या की विहिरी आटतात, म्हणून काय रसानं विहिरी आटल्या? दोघींच्या मागं उन्हाळा उभा असतो. दोन गोष्टी संगं वाढल्या की त्यांच्या मागं तिसरं कुणी उभं हाय का ते बघायचं. सगळा वर्ग हसला होता. तू वहीत लिहून घेतलंस. मी लिहिलं न्हाई, पण ध्यानात ठेवलं.

आबा परवा क्लासात डोकावला, स्क्रीनवर ठिपकेच ठिपके बघून म्हणाला, "हे काय गं, मेंढरं पांगली का काय?" पोरं खदाखदा हसली. माझी मान खाली गेली. मायला कळलंय की मी कशापायी शिकायलेय. भाकरी थापता थापता म्हणाली, "दुसऱ्याच्या ताटाकडं बगून कुणाचं पोट भरलंय का माय?" मी म्हटलं, "न्हाई भरत. पर भूक तर लागती."

एक सांग. गेल्या काही वर्षांत त्या रानात काय टाकलं, काय फिरलं, हे तू कुणाला विचारलं होतंस? सवड मिळाली की कळव. घाई न्हाई.

दैवशाला


बोरी, ३० मार्च २०२५, पाडवा

भक्ते,

मायनं पुरणाचं केलंय. मी ताट बाजूला सारून हे लिहायलेय, कारण आता माझ्यानं राहवत न्हाई.

तुझी दोन हजार वर्षांमागची गुरं म्हणजे माझ्या बापाची मेंढरं हायत.

पुन्हा वाच. दरसाल ज्वारी निघाली की आबा तुमच्या पांढरीत मेंढरं बसवतो. दिवसभर चारायची, सांजच्याला खुंट्या ठोकून वाघर ताणायची, म्हणजे आमची जाळी, आणि मेंढरं आत कोंडायची. दुसऱ्या दिवशी वाघर एका जाळीभर पुढं. लेंड्या न् मूत रानाला, ज्वारी आम्हाला. सव्वाशे मेंढरं, पाचशे खुरं, आणि अकरा वर्षं. खापऱ्या फुटणार न्हाई तर काय होणार? तुझा लाल पट्टा इतका सरळ कसा, याचं तुला नवल नाही वाटलं? वाघर सरळ सरकते म्हणून. आणि बाभळीखालचा चौकोन पांढरा का? तिथं काट्यात लोकर अडकते, म्हणून आबा तिथं एकदासुद्धा मेंढरं बसवत न्हाई. फेब्रुवारीत नकाशा उघडला त्याच क्षणी मला कळलं होतं. मुद्दाम गप्प बसले.

नुसतं म्हणून सोडलं न्हाई. आबाला रानात नेलं, आपल्या जुन्या खुणांवर पुन्हा चौकोन आखले. त्याला अक्षर येत न्हाई, पण एकेका चौकोनात उभा राहून बोलत गेला. "हितं पाच राती. तवा तांबडी कुत्री व्याली व्हती." "हितं तीनच. तुझ्या मायला हिवताप आला, मी घरला पळालो, मेंढरं रंगनाथनं बगितली." "हितं लय बसवली, हितली ज्वारी नुसती काळी-हिरवी येती." अकरा वर्षांच्या रात्री, सगळ्या त्याच्या डोक्यात. मी चौकोनानिहाय लिहीत गेले आणि क्लासातल्या संगणकात भरलं. मेंढरांच्या रात्री बाजूला काढून मग खापऱ्या न् स्फुरदाचं नातं बघितलं. तुझे अठ्ठ्याहत्तर गेले, भक्ते. राहिले शून्य पूर्णांक शून्य नऊ.

मला किती आनंद झाला तुला सांगू? क्लासात एकटीच हसले. टायपिंगची पोरं घाबरली.

खरं म्हणजे तुला सांगायचंच नव्हतं. परभणीहून पुण्याच्या गाडीचं तिकीट काढलंय. निळा ड्रेस इस्त्री करून ठेवलाय. एकवीस तारखेला शेवटच्या रांगेत बसायचं, तुझं वाचून झालं की हात वर करायचा आणि मराठीतून, मोठ्यानं, एवढंच विचारायचं, "बाई, तिथं मेंढरं कोण बसवतं ते विचारलं होतं का?" तुझं तोंड कसं होईल हे मी रोज भाकरी खाताना बघायलेय. पण तुझ्यापाशी बोलल्याबिगर मला कुठलीच गोष्ट गोड लागत न्हाई, ही माझी खोड जुनीच हाय.

आणि एक ऐकून ठेव. नववा रकाना बघ तुझ्या कोष्टकातला. "शेतात जनावरे बसवली का." एकशे वीस चौकोन आणि एकशे वीस शून्यं. कुणाला विचारलंस ते मी पुसलं होतं, त्याचं उत्तर तू दिलंच न्हाईस. मी देते. सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला विचारलंस. रान ज्याच्या जनावरांनी पिकतं तो तुमच्या हिशेबात माणूसच न्हाई. पुण्याला शिकलीस ना आकडेवारी? हे शिकवलं न्हाई का तिथं?

दैवशाला


बोरी, ९ एप्रिल २०२५

भक्ती,

तुझं पत्र आलं. चारच ओळी. "तू बरोबर आहेस. मी परिषदेतून नाव काढून घेतलं. इथल्या माझ्या मॅडमना सांगितलं की चूक माझी, शेतावर वावरणाऱ्यांना मी विचारायला हवं होतं. तुझे आभार." माझ्या जागी दुसरी असती तर स्टँडवर पेढे वाटले असते. मीही पाव किलो आणले. एक तोंडात टाकला, उरलेले क्लासातल्या पोरांना देऊन टाकले.

तू चूक अंगावर का घेतलीस? भांडायचं होतंस. शिव्या द्यायच्या होत्यास. तू भांडली असतीस तर हे पत्र मी लिहिलंच नसतं, आणि सुखानं राहिले असते.

नववा रकाना मी भरलाय.

सोबत पाहणीच्या त्या फॉर्मची झेरॉक्स जोडलीय, अक्षर ओळखशील. तुमच्या ओसरीवर आपण विभागातल्या सहा जणी बसलो होतो. भागवत मालकांनी फॉर्म हातात घेतला, चष्मा लावला, मग म्हणाले, "मी राहतो जिंतूरला. रानातलं येडबालाच ठावं. त्याला इचारून भरा." खरं बोलले बिचारे. मी गेल्या पत्रात त्यांच्यावरही राळ उडवली. तेवढ्यात संभाजीनगरची निकिता म्हणाली, "येडबा? असं नाव असतं? कोण आहे हा?" आणि सगळ्या हसल्या. वाईट मनानं न्हाई, नाव ऐकून हसल्या.

मी म्हणाले, "हाय एक मेंढक्या गावातला."

माझा बाप, भक्ती. मी म्हणाले, हाय एक मेंढक्या गावातला. आणि त्याच्यापर्यंत जावं लागू नये, कुणी माझ्या संगं आमच्या घरी येऊ नये, म्हणून तिथल्या तिथं पेन काढून लिहून टाकलं, "जनावरे: नाही." आबा तेव्हा ओढ्याच्या पल्याड होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

म्हणजे तू सातबारा बघितलास हे खोटं. तू फॉर्म माझ्या हातात दिला होतास. शून्यं माझी हायत, एकशे वीसच्या एकशे वीस. फेब्रुवारीतच ट्रंकेत हा कागद सापडला होता. पाडव्याला तुला बोल लावला तेव्हा तो माझ्या मांडीखाली होता.

परवा रानात आबानं मला विचारलं, "हे समदं मला तवाच का न्हाई इचारलं गं पोरी?" मी म्हटलं, राहून गेलं. अजून सांगितलं न्हाई त्याला.

आणखी एक लपवलंय, तेही घे. मेंढरांचा हिशेब काढून टाकल्यावर सगळं सपाट होत न्हाई. ओढ्याकडच्या कोपऱ्यात सात चौकोन उरतात. तिथं मेंढरं कधीच बसली न्हाईत. आबा म्हणतो तिथं पाणी धरतं, खुरांत कुज लागते. तरी तिथं स्फुरद जास्त हाय आणि खापऱ्या बारीक. पाणी साचून झालं असेल, किंवा खरंच काहीतरी जुनं असेल. पुन्हा माती काढल्याबिगर सांगता येत न्हाई. हे सात चौकोन मी माझ्यासाठी ठेवले होते. तू बुडालीस की वर्षभरानं माझ्या एकटीच्या नावानं लिहायचं, असा बेत होता.

आता तू शिव्या दिल्यास तरी चालतील. उलट दे.

दैवशाला


बोरी, २ मे २०२५

भक्ते,

एकवीस तारीख गेली. तुझ्या जागी दुसऱ्या कुणाचा लेख झाला, परदेशही त्यालाच मिळालं, असं कळवलंस. तिकिटाची तारीख गेली, निळा ड्रेस मायनं पेटीत ठेवला.

तुझ्या पत्राचं मी काय करू ते मला कळेना. पाठ झालंय. "तू 'नाही' लिहिलंस तेव्हा मी शेजारीच बसले होते. मला माहीत होतं. लहानपणी उन्हाळ्यात येडबामामांना वाघरीपाशी ताक नेऊन द्यायचं काम माझंच असायचं. पण निकितासमोर तुला उघडं पाडणं बरं वाटलं नाही, म्हणून गप्प बसले. म्हटलं, नंतर दोघीच असताना दुरुस्त करू. मग जागेवरून आपलं बिनसलं. पुण्यात कोष्टक भरताना तुझं 'नाही' समोर आलं आणि मी शून्यच धरलं. आणि धुण्यासाठी मदत असं लिहिलं तो मात्र माझा हलकटपणा. तू बोलायची बंद झालीस त्याचा राग होता."

शेवटची ओळ नसती तर तुझ्यावर देवी म्हणून हळदकुंकू वाहावं लागलं असतं. त्या एका ओळीसाठी तुझी मी ऋणी हाय.

परवा आबाला सगळं सांगितलं. ओसरी, निकिता, मेंढक्या, सगळं. तो लोकर कातरत होता. कातर थांबली न्हाई. त्याचं ते मेंढरू संपलं, त्याला सोडून दिलं, मग म्हणाला, "मेंढक्याच हाय की मी. त्यात तू काय खोटं बोललीस?"

मी लय रडले. मायनं आतून विचारलं काय झालं, तर तोच म्हणाला, "काय न्हाई, पोरीचा अभ्यास चाललाय."

मग त्याला तुझ्या ताकाचं सांगितलं. तर त्याचे डोळे असे काय चमकले! "भक्ती व्हय? एवढीशी व्हती. तांब्या दोन्ही हातानं धरून यायची, निम्मं ताक वाटंतच सांडायची. लय गुणाची पोरगी." घे! जागा तुला, लॅपटॉप तुला, आणि आता माझ्या बापाच्या तोंडीही तूच गुणाची. मी त्याच्या पोटची, मी त्याला नाकारलं, आणि तू परकी असून माझी लाज झाकलीस. मी एवढे दिवस नको त्या गोष्टींवर जळत बसले होते बाई. खरी जळायची गोष्ट तर ही होती, आणि हिच्यावर माझा इलाज न्हाई.

नवा मसुदा मिळाला. त्यात तू माझं नाव पहिलं टाकलंयस. ते असू दे, मी नको म्हणणार न्हाई. माझा हक्कच हाय. नवव्या रकान्याखाली "माहिती: येडबा, मेंढपाळ, बोरी" असं लिहिलंयस, त्यातलं मेंढपाळ खोड. मेंढक्या लिही. त्याला विचारूनच सांगायलेय.

आता कामाचं. पुढच्या बुधवारी ये. त्या सात चौकोनांतली माती मृगाच्या आधी काढायला पाहिजे, एकदा पेरणी झाली की भागवत मालक आपल्याला रानात पाऊल टाकू देणार न्हाईत. खुंट्या आबाच्या हायत, वाघरीच्याच. दोरी तू आण. आबा प्रत्येक चौकोनाचं सांगणार, माय ताक आणणार, रकाना मी भरणार.

तू नुसती दोरी धरून उभी राहा. आभारात तुझं नाव घालीन. "दोरी धरण्यासाठी मदत केल्याबद्दल."

दैवशाला